रेघ आणि करवत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, आज मला एका खोलीविषयी बोलायचं आहे.

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला लागून, एक लांबट खोली होती. पत्र्याचं छप्पर, दोन मोठे सुतारी बाक, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या करवती, फळीवर ओळीने ठेवलेले रंधे आणि कोपऱ्यात भुशाचा ढीग. तिला सगळे सुतारशाळा म्हणत. मी विद्यार्थी होतो तेव्हा, म्हणजे १९८० च्या सुमारास, पहिल्या वर्षाची आठवड्यातली एक दुपार या खोलीत जायची. खोलीचे धनी होते एक मिस्त्री. शिक्षण सातवीपर्यंतचं. एखादा मुलगा नकाशा घेऊन गेला की ते नकाशा बाजूला ठेवायचे आणि म्हणायचे, "पट्टी आधी लाकडाला लाव, मग कागदाला." त्यावर आम्ही हसत असू.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवू लागलो. १९९६ साली कॉलेजात कॉम्प्युटर आले. यंत्रं आली, पण ठेवायला जागा नव्हती. कोणती खोली रिकामी करायची यावर बैठक झाली आणि सुतारशाळेचं नाव मीच सुचवलं. आता सगळं पडद्यावर होणार, मुलांना करवत कशाला, असं मी तावातावाने बोललो होतो. ठरावावर माझी सही आहे. मिस्त्री महिनाभराने निघून गेले. जाताना सगळे रंधे त्यांनी तेल लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिले.

आपण काळाबरोबर चाललो आहोत अशी तेव्हा माझी खात्री होती. खरं सांगायचं तर मी कॉम्प्युटरचा इतिहास अर्धाच वाचला होता. उरलेला अर्धा आज तुमच्यासमोर ठेवतो.

इमारतीचा आधी नकाशा होतो आणि मग ती बांधली जाते, हे आज आपल्याला उघडच वाटतं. पण नकाशा काढणारा एक आणि बांधणारा दुसरा, ही वाटणी काही सृष्टीच्या आरंभापासून नाही. इटलीत फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमट फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारला. दगड कसा घडवायचा हे गवंड्यांना समजावताना तो मातीचे, मेणाचे, लाकडाचे नमुने करी आणि प्रसंगी चक्क सलगम कापून आकार दाखवी, असं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे. म्हणजे आराखडा त्याच्या डोक्यात होता, पण तो पोचत होता हातातून हातात.

त्याच्याच पुढच्या पिढीतल्या लिओन बात्तिस्ता अल्बर्टीने वेगळा विचार मांडला. १४५२ च्या आसपास पूर्ण झालेल्या आपल्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथात तो सांगतो की, आर्किटेक्टचं काम बुद्धीचं आहे. सुताराचा हात हे आर्किटेक्टच्या हातातलं अवजार. रिमिनी गावातल्या चर्चचं काम तो रोममध्ये बसून पत्राने चालवत होता. खांबांची मापं जराही बदलू नका, नाहीतर सगळा मेळ बिघडेल, अशा अर्थाचं त्याचं १४५४ सालचं पत्र उपलब्ध आहे. आजच्या आर्किटेक्टने मिस्त्रीला फोनवर दिलेला दम आणि हे पत्र यांत फारसा फरक नाही.

आर्किटेक्चरचं शिक्षण वाढलं ते अल्बर्टीच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या विद्यालयातल्या मुलांची परीक्षा म्हणजे चित्रं. मुदत संपली की चित्रं गोळा करायला हातगाडी फिरे आणि काही मुलं गाडीबरोबर चालता चालता शेवटच्या रेघा मारत. त्या गाडीला फ्रेंचमध्ये 'शारेत' म्हणतात. आजही जगभरच्या आर्किटेक्चर कॉलेजांत शेवटच्या रात्रीच्या धावपळीला हाच शब्द आहे.

आपल्याकडे मुंबईत मात्र एक वेगळी गोष्ट घडून गेली होती. आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस, १८७८ ते १८८८ या काळात बांधलं गेलं. आर्किटेक्ट होता फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. या इमारतीवरची पानंफुलं, पशुपक्षी, नक्षी घडवण्याच्या कामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. शिकणारी मुलं आणि शहरातली सर्वांत मोठी इमारत यांच्यामध्ये फक्त छिन्नी होती. पण त्याच जे. जे. मध्ये १८९६ साली आर्किटेक्चरच्या शिक्षणाची सुरुवात झाली ती नकाशे काढणाऱ्यांच्या वर्गापासून. इथेही वाटणी झाली. छिन्नी एका वर्गात राहिली, पेन्सिल दुसऱ्या वर्गात गेली.

ही वाटणी मोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न जर्मनीतला. १९१९ साली वाल्टर ग्रोपिअसने वायमार इथे बाउहाउस ही शाळा काढली. तिथे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत. एक चित्रकार किंवा शिल्पकार, जो आकार शिकवी. दुसरा कसलेला कारागीर, जो लाकूड, धातू, सूत शिकवी. कल्पना सुंदर होती. पण शाळेचे निर्णय जिथे होत, तिथे कारागीर गुरूंना बरोबरीचं स्थान मिळालं नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी मला तिच्याकडे यायचं आहे.

आता कॉम्प्युटरकडे वळू. ही कथा सुरू होते ती आर्किटेक्टच्या टेबलावर नव्हे, तर लोखंड कापणाऱ्या कारखान्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा कारखानदार हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याचं वळण हाताने तंतोतंत साधणं कठीण. त्याने युक्ती काढली की, वळणावरचे बिंदू हिशेबाच्या यंत्रावर मोजून घ्यायचे आणि कापणारं हत्यार त्या बिंदूंवरून न्यायचं. अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, काम एमआयटी या विख्यात संस्थेकडे गेलं आणि १९५२ साली तिथे एक मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आलं. कागदी फितीवर भोकं पाडलेली, त्या भोकांत आकडे आणि त्या आकड्यांच्या हुकमाने सरकणारं धारदार हत्यार. आज ज्याला आपण सीएनसी म्हणतो, त्याचा हा पूर्वज.

अडचण एकच होती. आकडे लिहायचे कोणी? एका वेड्यावाकड्या तुकड्यासाठी शेकडो बिंदू हाताने मोजत बसावं लागे. म्हणून डग्लस रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यंत्राला सूचना देण्याची एक भाषा तयार केली. १९५९ च्या फेब्रुवारीत ती जाहीर झाली तेव्हा या भाषेच्या मदतीने कापलेले ॲल्युमिनियमचे ॲश-ट्रे पत्रकारांना भेट दिले गेले. त्याच वर्षी एमआयटीत पुढचं पाऊल पडलं. भाषेत लिहिण्यापेक्षा सरळ चित्रच काढता आलं तर? कॉम्प्युटरच्या मदतीने आरेखन, म्हणजे आपण ज्याला 'कॅड' म्हणतो, त्याचा प्रकल्प सुरू झाला. या वातावरणातून १९६३ साली आयव्हन सदरलंड या तरुणाचा 'स्केचपॅड' हा प्रबंध आला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची. ती वाकडी आली तर यंत्र सरळ करी, दोन रेघा समांतर ठेव म्हटलं तर ठेवी. मूळ चित्र बदललं की त्याच्या सगळ्या नकला आपोआप बदलत.

श्रोतेहो, माझ्या मते या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. कॉम्प्युटरवरची रेघ आणि कॉम्प्युटरने चालणारी करवत ही एकाच घरातली भावंडं. त्यातली करवत थोरली. ती आकड्यांसाठी खोळंबली होती, म्हणून रेघेची हाक आली. पण जगभरच्या बहुतेक आर्किटेक्टांनी आणि कॉलेजांनी काय केलं? धाकट्या भावाला घरी आणलं आणि थोरल्याला कारखान्यातच ठेवलं.

याचं कारण समजण्यासारखं आहे. आमच्या पिढीने रोट्रिंग पेनने ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढले. शाईचा ठिपका पडला की दाढीच्या ब्लेडने तो खरवडायचा. जास्त खरवडलं तर कागद फाटायचा आणि तीन दिवसांचं काम पुन्हा. वर अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते आपल्याकडच्या ऑफिसांत पोचलं, तेव्हा चुकलेली रेघ एका बटणाने पुसता येते यानेच आम्ही हरखून गेलो. यापेक्षा काही मागायचं असतं हे सुचलंच नाही. आम्हाला कॉम्प्युटर म्हणजे वेगवान पेन वाटला.

परदेशातही निराळं नव्हतं. १९९४ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बर्नार्ड चुमी डीन असताना, कागदाविना चालणारे स्टुडिओ सुरू झाले. सिनेमातल्या ॲनिमेशनसाठी बनलेलं सॉफ्टवेअर वापरून मुलांनी वाहते, लवचिक, आजवर कोणी न पाहिलेले आकार पडद्यावर आणले. सगळे थक्क झाले. आणि मग एक साधा प्रश्न उभा राहिला: हे बांधायचं कसं?

याचं उत्तर फ्रँक गेरी या आर्किटेक्टच्या ऑफिसात तयार होत होतं. गंमत म्हणजे गेरी स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नसे. तो कागद, पुठ्ठा, लाकूड यांची मॉडेलं करी. बार्सिलोनात १९९२ च्या ऑलिम्पिकच्या निमित्ताने त्याला समुद्रकिनाऱ्यावर एक प्रचंड मासा उभारायचा होता. हा वळणदार सांगाडा नेहमीच्या नकाशांत बसेना. त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या विमान बनवणाऱ्या दासो कंपनीचं कॅटिया हे सॉफ्टवेअर आणलं. मॉडेलवरचे बिंदू मोजून यंत्रात घालायचे आणि तिथून थेट कापणाऱ्याकडे पाठवायचे. स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय १९९७ साली उघडलं तेही याच वाटेने. मॉडेल हाताचं, हिशेब यंत्राचा आणि पुन्हा कापणी यंत्राची. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी दोन भावांची आर्किटेक्टच्या घरी भेट झाली. आणि बरोबर त्याच सुमारास आमच्या कॉलेजने सुतारशाळेला कुलूप लावलं होतं.

शिक्षणात ही भेट कशी झाली, तेही पाहण्यासारखं आहे. १९९८ साली एमआयटीत नील गर्शनफेल्ड या प्राध्यापकाने एक वर्ग काढला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा: (जवळजवळ) काहीही कसं बनवावं. महागड्या यंत्रांवर संशोधन करणारी दहा-बारा मुलं येतील अशी त्याची अपेक्षा होती. आली शंभराच्या आसपास. त्यांत इंजिनियरांइतकेच चित्रकार आणि आर्किटेक्ट होते. हात वापरायची भूक किती साठली होती, हे त्या गर्दीने सांगितलं.

स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेत फाबियो ग्रामात्सिओ आणि मातियास कोलर या दोन आर्किटेक्टांनी २००५ मध्ये कारखान्यातला यंत्रमानव शाळेत आणला आणि त्याच्या हातात वीट दिली. मुलांनी कॉम्प्युटरवर भिंत लिहायची आणि यंत्राने ती रचायची. सरळ वीट ठेवायला आणि चार अंश वळवून ठेवायला गवंड्याला सारखा वेळ लागत नाही, यंत्राला लागतो. २००६ साली फ्लेश या गावातल्या एका वाइनच्या कारखान्याची दर्शनी भिंत या पद्धतीने झाली. सुमारे २०,००० विटा, ७२ तुकड्यांत रचलेल्या, प्रत्येक वीट थोड्या वेगळ्या कोनात. विटांच्या फटींतून ऊन-वारा आत येतो आणि लांबून पाहिलं तर भिंतीत द्राक्षं भरल्यासारखी दिसतात.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, ही श्रीमंत देशांची खेळणी झाली. मीही तसंच म्हणत होतो. पण गर्शनफेल्डच्या प्रयोगशाळेची, म्हणजे 'फॅब लॅब'ची, एमआयटीबाहेरची पहिली शाखा कुठे निघाली ठाऊक आहे? लंडनला नाही, टोकियोला नाही. २००२ साली पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर, शिरूर तालुक्यातल्या पाबळला निघाली.

पाबळ हे कमी पावसाचं गाव. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची मोठी नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे गेले आणि १९८३ साली त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांना ते काम करता करता शिकवत. वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, बांधकाम, सगळं गावाला लागणारं आणि गावासाठीच. म्हणजे फॅब लॅब आली तेव्हा पाबळला करवत धरणारे हात आधीपासून होते. यंत्राने रिकाम्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. कलबाग २००३ साली गेले. काम चालू राहिलं.

मी पाबळला गेलो तेव्हा मला जास्त शिकवलं ते तिथल्या घुमटाकार घरांनी. त्रिकोणी चौकटी जोडून केलेला घुमट ही बकमिन्स्टर फुलरने प्रसिद्ध केलेली रचना. या फुलरचीही एक गोष्ट आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात त्याने विद्यार्थ्यांना घेऊन खिडकीच्या पडद्यांच्या पट्ट्यांचा मोठा घुमट उभा करायचा घाट घातला. तो उठलाच नाही. त्याचं नाव पडलं 'उताणा घुमट'. पुढच्या वर्षी चांगलं सामान घेऊन तो परत आला आणि या वेळी घुमट उभा राहिला. अशा अर्धगोल घुमटाच्या सर्वांत सोप्या प्रकारांपैकी एकात ६५ दांडे लागतात आणि त्यांच्या लांब्या फक्त दोन: ३० आखूड, ३५ लांब. गणित शाळकरी. पण दांडे थोडे थोडे चुकत गेले तर शेवटचा बोल्ट बसत नाही. कागदावर लपलेली चूक तिथे लपत नाही. आर्किटेक्टच्या शिक्षणात याहून मोठा धडा मला माहीत नाही.

आता पुन्हा आमच्या खोलीकडे. २०१४ साली कॉलेजने लेझर कटर घेतला. तो त्याच खोलीत बसवला, कारण कॉम्प्युटर आता मुलांच्या पाठीवरच्या बॅगेत गेले होते. उद्घाटन झालं, नारळ फुटला. पहिल्याच आठवड्यात एका हुशार मुलीने मॉडेलसाठी फाइल पाठवली. ३ मिलिमीटरच्या प्लायवूडचे चाळीस तुकडे, एकमेकांच्या खाचांत अडकणारे. फाइलमध्ये एकही चूक नव्हती. तुकडे कापून आले आणि सगळी रचना हातात खुळखुळू लागली. का? एक तर लेझर स्वतःच्या वाटेवरचं थोडं लाकूड जाळतो, तेवढी खाच रुंद होते. आणि दुसरं, ३ मिलिमीटरचं म्हणून विकलं जाणारं प्लायवूड मोजलं तर २.७ निघालं. काही तुकडे तर वाकलेही होते, कारण लाकडाचे रेषे कोणत्या दिशेने जातात याचा विचार फाइलने केला नव्हता.

मुलगी रडवेली झाली होती. मी तिला समजावू लागलो आणि माझ्या तोंडून वाक्य गेलं, "पट्टी आधी लाकडाला लाव, मग कागदाला." पुढे मला बोलवेना. हे सांगणारा माणूस या खोलीतून मीच बाहेर काढला होता. यंत्र आलं होतं, पण लाकूड माहीत असलेलं कोणी उरलं नव्हतं.

मिस्त्रींचा पत्ता काढला. ते २०११ मध्येच वारले होते. त्यांच्या मुलाचं दुकान औद्योगिक वसाहतीत सापडलं. आत गेलो तर आठ बाय चार फुटांच्या बाकावर सीएनसी राऊटर देवघराच्या दाराची जाळी कापत होता. आमच्या कॉलेजच्या किती तरी आधी हे तंत्र सुतारांच्या आळीत पोचलं होतं. यंत्र सुरू करण्याआधी त्याने काय केलं? फळीची जाडी तीन ठिकाणी मोजली आणि मग फाइलमधले आकडे बदलले.

मी त्याला म्हटलं, "तुमच्या वडिलांची खोली बंद करायच्या ठरावावर सही माझी होती."

तो यंत्राकडेच बघत होता. म्हणाला, "बाबांना माहीत होतं, सर."

त्याला कॉलेजात शिकवायला बोलवावं म्हणून मी अर्ज केला. पदवी नाही, तेव्हा नियमात बसत नाही, असं उत्तर आलं. बाउहाउसला जे साधलं नाही ते शंभर वर्षांनी आम्हालाही साधलं नाही. आपण कारागिराचं यंत्र लाखो रुपये मोजून घेतो. कारागिराला खुर्ची द्यायची वेळ आली की नियम काढतो. माझ्यासारख्यांनीच केलेले हे नियम आहेत आणि ते बदलणं हे माझ्या पिढीवरचं देणं आहे.

तोवर एक तोड काढली आहे. महिन्यातल्या दोन शनिवारी आठ-दहा मुलं त्याच्या दुकानात जातात. कागदोपत्री ती 'शैक्षणिक भेट' असते. माळ्यावरचे रंधे अजून कॉलेजच्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये आहेत, त्यामुळे त्याला देता आले नाहीत. पण मुलं ते धार लावायला घेऊन गेली होती. त्याने वर्तमानपत्र उलगडलं, एकेक रंधा हातात घेऊन पाहिला, धार लावून दिली. आता ते लेझर कटरच्या शेजारी फळीवर ओळीने ठेवले आहेत. मुलं ते वापरतात.